खडूच्या रेघेअलीकडे

पुलावरच्या शिपायाला गोळी लागली, जोडीदाराने त्याच्या काखेत हात घालून त्याला भिंतीआड ओढलं, आणि ग्लेबने ‘उलट’ची कळ दाबली. पडद्यावर सगळं रोजच्यासारखं मागे गेलं. शिपाई भिंतीआडून पुलावर परत आला, उभा राहिला, छातीतली गोळी निघून नायकाच्या बंदुकीत शिरली, धूर गोळा होऊन नळीत गेला. इथे थांबायला हवं होतं. थांबलं नाही. दोघा शिपायांनी बुजगावण्यासारखे हात आडवे पसरले, खाली घेतले, आणि मग जोडीदाराने उजवा हात उचलून त्या शिपायाच्या गालावर ठेवला. शिपायाने मान कलती करून गालाचा सगळा भार त्या तळव्यावर टाकला. क्षणभर दोघे तसेच. मग तो हात घसरून हनुवटीखाली गेला, बोटाने तिथे काहीतरी दाबल्यासारखं केलं, आणि चित्र गोठलं. ग्लेबने चहाचा पेला टेबलावर ठेवायचा तो कळफलकावरच ठेवला.

"दिसलं ना?" झोया म्हणाली. खेळातल्या चुका हुडकून काढणं हे तिचं काम. दिवसभर सूर्यफुलाच्या बिया फोडत ती नायकाला भिंतीवर आपटत बसायची. "कालपासून तिसऱ्यांदा. आपले शिपाई प्रेमात पडलेत रे! गंभीर लिहू की किरकोळ?"

"किरकोळ."

"सोमवारी खेळ अमेरिकेला जायचाय हं. तिकडच्या लोकांना दिसलं तर ते काही किरकोळ म्हणायचे नाहीत."

"सांगितलं ना, किरकोळ. दुरुस्ती माझ्या नावावर टाक."

चूक कशी झाली ते त्याला तिथल्या तिथे कळलं होतं. ‘संथ’, ‘थांब’ आणि ‘उलट’ अशा तीन कळांवर हा सगळा खेळ उभा होता. नायकाच्या अंगात असं चिलखत की काळ त्याच्या मुठीत. त्यातली ‘उलट’ ग्लेबची. चार वर्षं त्याने तिच्यापायी घातली होती, डोक्यावरचे निम्मे केसही घातले होते. शिपायांच्या हालचाली खऱ्या माणसांवरून टिपलेल्या असत, आणि टिपलेल्या तुकड्याचं सुरुवातीचं निरुपयोगी टोक कापून टाकायचं काम सावेलीचं. सावेली कापायचाच नाही. शिंप्याने कापड कापायचं सोडून नुसती खडूची रेघ मारून ठेवावी, तशी तो ‘इथून सुरू’ एवढी खूण करायचा आणि चहा प्यायला निघून जायचा. काळ पुढे जात होता तोवर त्याने काहीच बिघडत नव्हतं. ‘उलट’ मात्र पळत येऊन कधीकधी ती रेघ ओलांडायची आणि अलीकडे यायची. दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची होती. नव्वद चौकटी, म्हणजे तीन सेकंद. कापले की संपलं. ग्लेबने ते कापले नाहीत. कारण गोळी लागलेला तो शिपाई म्हणजे रिम्मा होती, आणि रिम्मा त्याची बायको.

यात लपवाछपवी अशी काही नव्हती. रिम्मा नाट्यशाळेत मुलांना पडायला शिकवायची, जिन्यावरून पडायला, घोड्यावरून पडायला, सुरा लागल्यावर पडायला. मरण्यात तिचा हात धरणारं अख्ख्या पीटर्सबर्गमध्ये कुणी नव्हतं. म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये सावेलीने तिला बोलावलं होतं. एका बंद पडलेल्या शाळेचा व्यायामाचा हॉल, नळातलं गरम पाणी बंद, अंगाला घट्ट काळा पोशाख आणि त्यावर जागोजागी चिकटवलेले पांढरे गोळे. प्रत्येक तुकड्याच्या आधी दोघांनी हात पसरून उभं राहायचं, म्हणजे यंत्राला माणूस कुठे आहे ते कळतं. खेळातले निम्मे शिपाई तिच्याच अंगाने मरत, आणि ग्लेब गेली दोन वर्षं आपल्या बायकोला दिवसातून चारशे वेळा मरताना बघत होता, सँडविच खात. त्याची त्याला इतकी सवय झालेली की ती तीच आहे हेही तो विसरून जायचा. पण डावा घोटा किंचित बाहेर टाकायची तिची ढब, लहानपणी मोडलेल्या हाडाची, शिरस्त्राण आणि चिलखत घालूनसुद्धा लपत नव्हती. ती होती. यात शंका नाही. शंका होती ती दुसऱ्याबद्दल. तिच्याबरोबर टिपणाला देम्यान असायचा, त्याच नाट्यशाळेत तलवार शिकवणारा, उंच, दाट केसांचा देम्यान. एकदा कुणीतरी आलं नाही म्हणून ग्लेबलाही त्या पोशाखात कोंबलं होतं, पण तो पायात पाय अडकून आपटला होता आणि सगळे खो खो हसले होते. ते टिपण फुकटच गेलं असणार. एवढंच त्याला आठवत होतं. त्या महिन्यात तो रोज चार तास झोपत होता.

सावेलीच्या खोलीत तो मुद्दाम रिकाम्या हाताने गेला नाही, दोन पेले चहा घेऊन गेला. टिपणांची हजेरी एका जाड फायलीत असे. ग्लेबने ती आधीच पाहिली होती. तुकडा एकतीस, रिम्मा आणि देम्यान, खाली सावेलीची सही. तरीही त्याने विचारलं, आवाज होईल तितका सहज ठेवून. "एकतिसाव्यात तिच्याबरोबर कोण रे होतं?"

सावेलीने आधी दाराकडे पाहिलं. हे ग्लेबच्या नजरेतून सुटलं नाही. "कागदावर काय आहे?"

"देम्यान."

"मग देम्यानच समज ना, बाबा. दोन वर्षांनी उकरून काय काढायचंय?" मग तो दाढीतल्या दाढीत हसला. "दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर गोष्ट निराळी. तू मला विचारतोस म्हणजे कमाल झाली."

आणि त्याने डोळा मारला. चक्क डोळा मारला! ग्लेब चहा तसाच टाकून आपल्या जागेवर आला. म्हणजे सावेलीला ठाऊक आहे. सावेलीला ठाऊक म्हणजे खेळात आवाज भरणाऱ्या आवाजवाल्यांना ठाऊक, आणि आवाजवाल्यांना ठाऊक म्हणजे खाली दारावर बसणाऱ्या क्लावदिया स्तेपानोव्हनालाही ठाऊक. म्हणूनच ती हल्ली त्याला बघितलं की विणकाम मांडीवर ठेवून हळहळल्यासारखी मान हलवते. दोन वर्षं ही मंडळी त्याच्यासमोर बसून बिटाचं बोर्श्च पीत होती आणि त्याच्या बायकोबद्दल सगळं माहीत असून तोंडातून ब्र काढत नव्हती. झोयाने ‘प्रेमात पडलेत’ असं म्हटलं, ते सहज म्हटलं की मुद्दाम? त्याने पुन्हा पुलावर जाऊन शिपायाला मारलं, उलट फिरवलं, आणि या वेळी दुसऱ्याकडे पाहिलं. तो उभा होता पोक काढून, डावा खांदा खचलेला, गुडघे अर्धवट वाकलेले, एखादं कुत्रं जेवणाच्या टेबलाशी उभं राहतं तसा. देम्यान एरवी कसा छातीचा कोट करून चालतो! पण बाईपाशी आला की माणसाचं असंच होत असेल, तो मवाळ पडत असेल, वाकत असेल. ग्लेबला त्या पोकाची किळस आली. आणि त्या हाताची नाही आली, हे त्याला जास्त लागलं. हात घाईत नव्हता. गालावर ठेवल्यावर तो जराही हलला नव्हता. आपल्याला असा हात कधी ठेवता आला असता का, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने ‘थांब’ची कळ दाबून ठेवली.

घरी रिम्मा काहीतरी गुणगुणत कांदा चिरत होती. आधी गुणगुणायची का ती? त्याला आठवेना. गळ्यात हिरवा रुमाल होता, तो त्याने कधी पाहिला नव्हता, किंवा पाहिला होता आणि लक्ष गेलं नव्हतं. संशयाला दोन्ही सारखंच. गेली दोन वर्षं त्यांच्यात बोलणं असं फार उरलंच नव्हतं. दिव्याचं बिल भरलंस का, किल्ली खिडकीत आहे, ताट झाकून ठेवलंय. तो यायचा, फ्रिजशी उभ्या उभ्या जेवायचा, डोक्यात कुठलातरी शिपाई अर्धवट उलटा लटकलेला असायचा. यात वाईट काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. सगळ्यांचं असंच असतं, खेळ संपला की बोलू. आता मात्र तो टेबलाशी बसून तिच्या पाठीकडे बघत राहिला आणि बारा वर्षांपूर्वीच्या ट्रामच्या थांब्यावर गेला. बर्फावर तो सपशेल आडवा झाला होता, पिशवीतली सगळी पुस्तकं रस्ताभर, आणि ही अनोळखी मुलगी त्याच्या डोक्याशी उभी राहून म्हणाली होती, "चुकीचे पडलात तुम्ही. मनगट मोडलं असतं." मग तिने भर थांब्यावर, लोक बघत असताना, स्वतः पडून दाखवलं. हनुवटी आत, खांदा सैल, आणि पडणं लांबवायचं नाही. तो दोनदा पडला तेव्हा कुठे तिने सोडलं. ही आठवण त्याची सगळ्यात लाडकी. पण त्या संध्याकाळी तीही त्याने उलट फिरवून पाहिली, रेघेच्या अलीकडे: त्या थांब्यावर ती आधीपासून कुणाची वाट बघत उभी होती?

"काय बघतोस?" रिम्मा वळून म्हणाली.

"काही नाही."

"काही नाही तर मग बटाटे सोल."

गुरुवारी दुपारी दात दुखतोय असं सांगून तो निघाला आणि ट्रामने नाट्यशाळेसमोर उतरला. नदीतून लादोगा तळ्याचा बर्फ वाहून चालला होता, मेचे पहिले दिवस, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर कोर्युश्का विकणाऱ्या बाया पेट्या मांडून बसलेल्या. त्या एवढ्याशा माशाला ताज्या काकडीचा वास येतो आणि वर्षातले तीन आठवडे सगळ्या शहराला तो वास असतो. ग्लेब एका औषधाच्या दुकानात शिरला आणि काचेतून बघत राहिला. चाळिशीला आलेला माणूस, खोकल्याच्या गोळ्यांच्या मांडणीआड लपलेला! त्याची त्याला लाज वाटत होती, पण पाय निघत नव्हता. साडेतीनला ती दोघं बाहेर आली. देम्यान हातवारे करून काहीतरी सांगत होता, ती हसत होती. तिच्या गालाला त्याने हात लावला नाही. ग्लेबला वाटलं, उघड्यावर कसा लावील? मग देम्यानने पेटीवालीकडून वर्तमानपत्रात बांधलेले मासे घेतले, दोन पुड्या, आणि एक रिम्माच्या पिशवीत टाकली. एवढंच. ती ट्रामने गेली, तो चालत गेला. संध्याकाळी कढईत मासे तडतडले, खिडकीत अजून लख्ख ऊन होतं, आणि ग्लेबने काटा सोडवता सोडवता विचारलं, "कुठून आणलेस?"

"बाजारातून," रिम्मा म्हणाली. त्याच्याकडे न बघता.

बाजारातून. हा एक शब्द त्याने दोन दिवस सांभाळला. शुक्रवारी झोयाने विचारलं, ते पुलावरचं झालं का? तो म्हणाला, होतंय. तिने भुवया उंचावल्या. कापून टाकलं तर पुरावा जाणार होता. ठेवलं तर सोमवारी परदेशातली माणसं बसून त्याच्या घरातलं हे बघणार होती. आणि कापायच्या आधी, उगाचच, तो ते पुन्हा पुन्हा बघत होता. आता तिच्या मानेकडे बघत होता. ती ज्या भरवशाने मान कलती करत होती, तो भरवसा गेला कुठे? त्या दुसऱ्याने नेला, आणखी कुठे जाणार!

शनिवारी सकाळी रिम्मा लापशीचं पातेलं घासत होती. त्याने ठरवलं होतं की आधी माशांचा विषय काढायचा, मग हळूहळू तिकडे यायचं. तसं झालं नाही. "देम्यानबरोबर कधीपासून आहे तुझं?" हेच तोंडातून आलं.

पाणी वाहत राहिलं. मग तिने नळ बंद केला. "काय म्हणालास?"

"मी पाहिलंय. दोन वर्षांपूर्वीचं. सगळ्या कचेरीला ठाऊक आहे, मी एकटाच मूर्ख! तुला माझ्या खेळात, माझ्या कामाच्या जागी..." त्याचा आवाज चिरकला. "तो तुझ्या गालाला हात लावतो आणि तू, तू कशी उभी राहतेस! माझ्यापुढे उभी राहिलीस कधी अशी? आणि वर मासे बाजारातून!"

हे शब्द बाहेर पडताना त्याला ऐकू येत होते, आणि बोट आपोआप मांडीवर, तिथे ‘उलट’ची कळ असल्यासारखं, दाबलं जात होतं. रिम्मा रडली नाही, ओरडली नाही. तिने हात पुसले, एकेक बोट सावकाश पुसलं. "काय करतो तो माणूस? नीट सांग मला."

त्याने सांगितलं. पोक सांगितला, हात सांगितला, न हलणारा तळवा सांगितला. तिचा चेहरा कसातरीच होत गेला. ती म्हणाली, "डगला घाल. मला बघायचंय."

ट्रामने दोघं कचेरीत आली. क्लावदिया स्तेपानोव्हनाने विणकाम खाली ठेवलं. "ग्लेब अर्तेम्येविच, सुट्टीच्या दिवशी? आणि बायकोला घेऊन? बरं केलंत हो. तुम्हाला एकट्याला बघून माझा जीव तुटतो, किती वाळलात!" ग्लेब जिना चढला. वर कुणी नव्हतं. झोयाच्या टेबलावर बियांची टरफलं पडली होती. रिम्माने डगला न काढता खुर्ची ओढली, आणि त्याने तिला पुलावर नेलं, तिला गोळी घातली, भिंतीआड ओढू दिलं आणि ‘उलट’ दाबली.

"पुन्हा," ती म्हणाली. त्याने पुन्हा दाखवलं. "पुन्हा." तिसऱ्या वेळी तो हात गालावर असताना ती म्हणाली, "थांबव." चित्र थांबलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग उठली, डगला काढून खुर्चीवर टाकला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली. "बघ इकडे," म्हणाली, नाट्यशाळेतल्या मुलांशी बोलतात त्या आवाजात. आणि तिने अंग बदललं. पाठ वाकली, डावा खांदा खचला, वीस वर्षं एकाच खांद्यावर पिशवी वागवल्यासारखा. गुडघे अर्धवट राहिले, मान पुढे आली. तशी ती टेबलांमधून चालत त्याच्याकडे आली. पडद्यावरचा तो माणूस दिवसाढवळ्या खोलीत चालत होता. "हा कोण?" तिने विचारलं.

ग्लेबला तो माणूस ओळखता येत होता. रोज सकाळी कुणीतरी त्याला पाठमोरं बघत असेल, पण त्याने स्वतः कधी पाहिला नव्हता.

"देम्यान प्स्कोवला गेला होता आईला बघायला," रिम्मा म्हणाली. "त्याची हजेरी बुडू नये म्हणून सावेलीने कागदावर त्याचं नाव टाकलं आणि तुला कचेरीतून ओढत त्या हॉलवर आणलं. तू चिडला होतास. माझ्या गळपट्टीवरचा गोळा सुटला होता, तो तू दाबून बसवलास. मग म्हणालास, किती गार पडलीस गं. आणि हात ठेवलास. नंतर बाहेर येताना पायात पाय अडकून पडलास, तेही चुकीचा. तेवढंच लक्षात ठेवलंस तू."

आता त्याला आठवलं. हात आठवला नाही, गार गाल आठवला, तळव्याला. त्या क्षणी आपण चिडलोय हेही तो विसरला होता. हे सगळं होतं कुठे इतके दिवस? "आणि मासे?" त्याने विचारलं, आणि विचारताच त्याला स्वतःच्या कानफटात मारावीशी वाटली.

"देम्यानने दिले. तसं सांगितलं असतं तर तू दोन दिवस तोंड पाडून बसला असतास. तोंड बघायला तरी मिळालं असतं म्हणा." ती पडद्याकडे वळली. "राग आला तुला या माणसाचा?"

"हेवा वाटला," ग्लेब म्हणाला. हे खरं होतं.

"मलाही वाटतो. त्या बाईचा."

तो उठला. तो पुढे गेला आणि त्याने उजवा हात उचलला. तिचा गाल वीतभर अंतरावर होता. रिम्माने त्याचं मनगट धरलं, जोरात नाही, आणि हात खाली नेऊन सोडून दिला. "नको," ती म्हणाली. "आता तू बघून करतोयस."

तिने डगला चढवला, हिरवा रुमाल बांधला. तो रुमाल त्यानेच आणला होता, गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात, वाढदिवसाला; हे त्याला तेव्हा, तिने गाठ मारताना आठवलं. "मी लिदाकडे जाते, गातचिनाला. बहिणीकडे जायला मला कारण लागत नाही. किती दिवस ते मलाही माहीत नाही, विचारू नकोस." दारात ती थांबली. "सोमवारी जायचंय ना ते? मग नीट कर."

जिन्यावर तिची पावलं वाजत गेली, उजवं नेटकं आणि डावं जरा बाहेर टाकलेलं, आणि खाली क्लावदिया स्तेपानोव्हना काहीतरी म्हणाली आणि रिम्मा काहीतरी म्हणाली, मग दार वाजलं. ग्लेब खुर्चीत बसला. पडद्यावर तो माणूस हात ठेवून उभाच होता. त्याच्याकडे जाऊन त्याला विचारावंसं वाटत होतं, कसं केलंस रे? मग त्याने एकतिसावा तुकडा उघडला आणि रेघेअलीकडच्या नव्वद चौकटी कापून टाकल्या. अर्धं मिनिटही लागलं नाही. पुलावर जाऊन शिपायाला मारलं, उलट फिरवलं. शिपाई भिंतीआडून परत आला, उभा राहिला, गोळी निघून गेली, आणि दोघे रेघेवर येऊन बरोबर थांबले, हात खाली, एकमेकांकडे न बघता. झोयाच्या यादीत त्याने ‘किरकोळ’ खोडून ‘गंभीर’ लिहिलं, पुढे ‘दुरुस्त’ लिहिलं. चूक कुणाची, असा शेवटचा रकाना होता. तिथे झोयाने सावेलीचं नाव घातलं होतं. ते खोडून त्याने आपलं लिहिलं.